सात बारक्या

त्या मंगळवारी सकाळी कामावर निघताना थोरलीने आईचा दम्याचा पंप कानाशी धरून हलवला. आत जवळजवळ काहीच नव्हते.

"आई, हा संपलाय. कालच का नाही सांगितलंस?"

"संपला कुठे? दोन दाब आहेत अजून." आई खिडकीशी बसून उसवलेली उशी शिवत होती. "माझं तिसरं लेकरू आहे ते. तुम्हा दोघांपेक्षा हाकेला लवकर येतं."

थोरलीला हसायलाही वेळ नव्हता. तिने टेबलावर एक मोठी नोट ठेवली आणि तिच्यावर सात बारक्या. सगळ्यात लहान नाण्याला शहरभर बारकीच म्हणत. दहा बारक्यांचे एक दहाचे नाणे होई. पंपाच्या खोक्यावर किंमतच तशी छापलेली असे, एक मोठी नोट आणि वर सात बारक्या.

"बरोब्बर आहेत बघ. धाकट्याकडूनच घे, तो बारक्यांना नाही म्हणणार नाही, आणि ताटकळावंही लागणार नाही."

"तिथे मी त्याची आई नसते गं, गिऱ्हाईक असते," आई म्हणाली. "पण जाईन. तू नीघ, बस चुकेल."

धाकटा, म्हणजे थोरलीचा भाऊ, वस्तीतल्या सगळ्यात मोठ्या औषधाच्या दुकानात अकरा वर्षे काउंटरवर होता. बायकोसह दोन गल्ल्या पलीकडे राहत होता. थोरलीने लग्न केले नव्हते. ती आणि आई तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. आईने तीस वर्षे शर्टाच्या कारखान्यात बटणांची काजे केली होती. कारखान्याने निवृत्तीच्या वेळी तिला एक घड्याळ दिले, आणि फुप्फुसांत साठलेली कापडाची भुकटी ती स्वतःबरोबर घेऊन आली.

थोरलीचे काम बस कंपनीच्या नाणी मोजायच्या खोलीत होते. रोज सकाळी बसच्या पेट्या तिथे रिकाम्या होत, मोठ्या पिंपाएवढे यंत्र खडखडत नाणी वेगळी करी आणि सहा बायका ती तपासून पोत्यांत भरत. संध्याकाळी बोटे काळी पडत आणि साबणाने तीनदा धुतली तरी धातूचा वास जात नसे. या खोलीत सगळ्यात जास्त पोती बारक्यांचीच असत. कारण उघड होते. शहरात बारकी घेणारी तेवढी बसच उरली होती.

कायद्याने बारकी बंद झाली नव्हती. पण दुकानदारांनी आपापसात ती कधीच बंद करून टाकली होती. "बारक्या चालत नाहीत," असे म्हणायचे आणि किमतीच्या शेवटी सात असोत की तीन, दहाचे नाणे घ्यायचे. बिलावर खाली छापलेले असे, 'राउंड ऑफ'. चोरीला छापील नाव मिळाले की ती चोरी वाटेनाशी होते. शिकलेसवरलेले लोकही खांदे उडवून म्हणत, चार बारक्यांसाठी कोण भांडत बसणार? ज्यांच्या खिशात दुसरे काही असते त्यांना असे म्हणता येते.

दुपारी साडेबारा वाजता मोजणीच्या खोलीतला फोन वाजला. शेजारच्या शिवणकाकू होत्या. कपडे शिवून पोट भरणारी ही बाई कधी कामाच्या ठिकाणी फोन करत नसे.

"थोरले, लगेच ये," एवढेच त्या म्हणाल्या.

ती पोहोचली तेव्हा आई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, भिंतीच्या कडेला आडवी होती. डोके शिवणकाकूंच्या मांडीवर होते. ओठ निळसर पडले होते. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर शेजारी उकिडवे बसून रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळत होते. "नवा पंप हाताशी असता तर..." ते म्हणाले आणि पुढचे वाक्य त्यांनी गिळले.

आईची उजवी मूठ घट्ट होती. थोरलीने एकेक बोट हळूच उघडले. आत घामाने ओली झालेली नोट होती आणि सात बारक्या.

धाकटा दुकानाचा निळा कोट न काढताच धावत आला. जिन्यातच त्याने हंबरडा फोडला. रडण्यात खोट नव्हती. पण थोरलीने जेव्हा विचारले, "पैसे तसेच आहेत तिच्या हातात. ती तुझ्याकडे आली नाही का?" तेव्हा तो नाक पुसत म्हणाला, "नाही ताई. वाटेतच दम लागला असेल. अर्ध्यातून परतली असेल."

थोरलीने विश्वास ठेवला. आपला भाऊ अशा वेळी खोटे बोलेल असे कोणाच्या मनात येणार?

तीन आठवडे गेले. एका संध्याकाळी शिवणकाकू पाण्याची कळशी भरायला म्हणून आल्या आणि कळशी बाजूला ठेवून खुर्चीत बसूनच राहिल्या.

"मला जेवण जात नाही गं," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईने शपथ घातली होती. पण आता माझ्याच्याने होत नाही."

"कसली शपथ?"

"त्या दिवशी ती जिना चढत होती तेव्हा मी कचरा टाकायला निघाले होते. मी विचारलं, मिळाला का पंप? तर धापा टाकत म्हणाली, बारक्या घेतल्या नाहीत, दहाचं नाणं न्यायला आले. मी म्हटलं, अहो, पोरगा आहे ना तिथे! तर म्हणाली, तो तरी काय करणार, मालक समोर होता. आणि हात धरून म्हणाली, थोरलीला सांगू नका, ती त्याला सोडणार नाही." काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "मी म्हटलं, थांबा, मी घरातून दहाचं आणते. वर जाऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं."

थोरली उठली, पायांत चपला घातल्या आणि धाकट्याच्या घरी गेली.

तो स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या बायकोशी काहीतरी बोलत होता. बहिणीचा चेहरा बघून त्याने बायकोला आत जायची खूण केली.

"आई आली होती तुझ्याकडे," थोरली म्हणाली.

धाकटा मोरीच्या कठड्याला टेकला.

"आली होती."

"पंप होता दुकानात?"

"होता. माझ्या हातात होता ताई. पिशवीत घातला होता."

"मग?"

"मालक मागे उभे होते. सकाळीच दुकानदार संघटनेचं पत्रक आलं होतं, बारक्या कोणाकडूनच घ्यायच्या नाहीत, ओळखीच्यांकडूनही नाहीत म्हणून. मी म्हटलं, साहेब, माझी आई आहे, सातच आहेत. तर हसून म्हणाले, मग तुझ्या आईपासूनच सुरुवात कर. आज आई, उद्या मावशी, परवा अख्खी गल्ली बारक्या घेऊन येईल."

"तुझ्या खिशात दहाचं नाणं नव्हतं?"

"काउंटरवर स्वतःचे पैसे ठेवू देत नाहीत. कोट घालायच्या आधी काढून ठेवावे लागतात."

"पगारातून कापा म्हणायचंस."

धाकटा मोरीतला नळ उगाच घट्ट पिळत राहिला.

"का नाही म्हणालास?"

"भीती वाटली," तो म्हणाला. "दोनच महिन्यांपूर्वी एकाला काढलं होतं... आणि आईच म्हणाली, राहू दे रे, दोन पावलांवर तर घर आहे. मला वाटलं, येईल परत. मी पिशवी बाजूला काढून ठेवली होती ताई. दिवसभर तिथेच होती ती पिशवी."

थोरलीचा हात उठला होता. तिने तो स्वतःच खाली घेतला.

"तुला मारून मला काय मिळणार?" ती म्हणाली. "मला त्या माणसाचं दुकान बंद झालेलं बघायचंय. त्याची मान खाली गेलेली बघायचीय, चार लोकांत. आणि हे तू मला जे स्वयंपाकघरात सांगितलंस ना, ते मला चार लोकांतच तुझ्या तोंडून ऐकायचंय. तोपर्यंत माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

"ताई, मालक मोठा माणूस आहे. आणि आई असती तर म्हणाली असती, सोडून दे."

"आई आयुष्यभर सोडून देत आली. म्हणून तर तिला जिन्यात मरावं लागलं."

सूड घ्यायचा म्हणजे काय करायचे, हे थोरलीला आधी कळत नव्हते. पहिले काही दिवस ती कामावरून सुटली की दुकानासमोरच्या पदपथावर उभी राही आणि मालकाकडे बघत बसे. तो गोरागोमटा, गोड बोलणारा गृहस्थ होता. म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून पायरी उतरवी. ते बघितले की तिच्या अंगाची लाही होई. दगड मारावा, काच फोडावी, असे किती वेळा मनात आले. पण काच फोडली असती तर तो बिचारा ठरला असता आणि ती वेडी.

मग वर्तमानपत्रात बातमी आली. बारकी चलनातून काढून टाकावी की नाही यावर सरकारने समिती नेमली होती आणि पुढच्या महिन्यात नगरभवनात जाहीर सुनावणी होती. दुकानदार संघटनेची बाजू मांडणार होते संघटनेचे अध्यक्ष, म्हणजे हेच मालक.

थोरलीने ती बातमी कापून पर्समध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती बस कंपनीच्या कायदा विभागातल्या कारकुनासमोर जाऊन बसली. त्याने चष्मा वर करून सांगितले, "जोवर नाणं चलनात आहे, तोवर ते नाकारणं गुन्हा आहे. प्रत्येक वेळी वेगळा गुन्हा. दंड होतो, आणि औषधाचं दुकान असेल तर परवानाही अडकू शकतो. फक्त तक्रार कोणी करत नाही."

"आता करतील," थोरली म्हणाली.

पुरावा मालकाने स्वतःच छापून दिला होता. त्याच्या दुकानाची बिले घरोघरी होती. ड्रॉवरमध्ये, देवळी-फडताळांत, दवाखान्याच्या फायलींत टाचलेली. थोरली आणि शिवणकाकू महिनाभर संध्याकाळी दारोदार फिरल्या. काही दारे तोंडावर आपटली. एक बाई म्हणाली, "काय दरिद्री लक्षण हे, बारक्यांसाठी भांडायचं!" शिवणकाकूंनी तिथल्या तिथे सुनावले, "अहो, मग तुमच्या बारक्या आम्हाला द्या ना, आमचं दारिद्र्य फिटेल." पण बाकीच्या दारांत बायका आत जाऊन पिशव्या घेऊन आल्या. एका लकवा झालेल्या माणसाच्या बायकोने तीन वर्षांची बिले दोरीने बांधून ठेवली होती. ती म्हणाली, "मला वाटायचं, फक्त मीच मूर्ख आहे."

सुनावणीच्या दिवशी नगरभवनाचे सभागृह भरले होते. व्यासपीठावर समिती बसली होती आणि मध्ये अध्यक्षबाई, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. मालक पहिल्या रांगेत होता. त्याच्या मागच्याच खुर्चीवर धाकटा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. थोरलीच्या बिलांची कुणकुण लागली म्हणून संघटनेने त्याला साक्षीदार म्हणून आणले होते.

मालक छान बोलला. एक बारकी पाडायला सरकारला दोन बारक्यांचा खर्च येतो, हे त्याने आकड्यांनिशी दाखवले. रस्त्यात पडलेली बारकी उचलायला कोणी वाकत नाही, असे म्हटल्यावर लोक हसलेही. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि थोरलीलाही ते मान्य होते. पण टाळ्या मिळाल्यावर माणूस एक वाक्य जास्त बोलतो, तसा तो बोलला.

"आणि कोणी म्हणेल, गरिबाचं काय? तर आमच्या संघटनेच्या एकाही दुकानातून बारकीपायी एकही गरीब माणूस आजवर रिकाम्या हाती परत गेलेला नाही."

थोरली उठली. नाव पुकारायच्या आधीच ती पुढे गेली आणि तिने बिलांच्या तीन पिशव्या टेबलावर ठेवल्या.

"ही चारशे बारा बिलं याच माणसाच्या दुकानातली आहेत. एकातही आकडा खाली आलेला नाही, प्रत्येकात वर गेलाय. प्रत्येकासोबत सही केलेली तक्रार आहे." तिने पिशव्या समितीच्या बाजूला सरकवल्या. "दुकानदार म्हणतात, परत द्यायला बारक्या मिळत नाहीत. मी नाणी मोजते. गेल्या महिन्यात आमच्या खोलीतून छत्तीस पोती बँकेत गेली. यांच्या दुकानाने त्यातली एक मूठही मागितली नाही. आणि रिकाम्या हाती परत गेलेला माणूस हवाय ना? माझी आई. दम्याचा पंप आणायला गेली, हातात पूर्ण किंमत होती, सात बारक्या होत्या म्हणून परत पाठवली. जिन्यात मेली."

सभागृहात कुजबुज झाली. मालक शांतपणे उभा राहिला.

"बाईंचं दुःख मी समजू शकतो. पण त्यांच्या मातोश्री त्या दिवशी दुकानात आल्याच नव्हत्या. काउंटरवर यांचा सख्खा भाऊच होता. त्यालाच विचारा."

अध्यक्षबाईंनी धाकट्याकडे पाहिले. "उभे राहा. तुमची आई त्या दिवशी दुकानात आली होती?"

धाकटा उभा राहिला. मालकाने मान न वळवता, जणू खोकल्यासारखे करत, त्याचे नाव हळूच घेतले. थोरलीने भावाकडे बघितलेच नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. तो खोटे बोलला असता तर ती त्याच्याकडे जन्मात पुन्हा बघणार नव्हती, आणि हे त्यालाही ठाऊक होते.

"आली होती," धाकटा म्हणाला. आवाज इतका बारीक होता की अध्यक्षबाईंनी पुन्हा विचारले. "आली होती! मी परत पाठवली. माझ्या आईला मीच परत पाठवलं. यांनी सांगितलं, तुझ्या आईपासूनच सुरुवात कर, आणि मी केली." तो आता थांबू शकत नव्हता. "त्या संध्याकाळी यांनी कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग पुसायला लावलं. तेही मीच पुसलं. पुसायच्या आधी एकदा बघितलं. ती पायरी उतरताना कठडा धरून थांबली होती, आणि मी पुढच्या गिऱ्हाइकाला गोळ्या मोजून देत होतो."

मालकाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याने दोन्ही बाजूंना पाहिले. शेजारी बसलेल्या दोन दुकानदारांनी खुर्च्या किंचित सरकवल्या होत्या. त्याची मान खाली गेली. थोरलीने ती मन भरून बघितली.

"तुम्हाला काय हवंय?" अध्यक्षबाईंनी तिला विचारले. "बारकी राहावी?"

"बारकी उद्या बंद करा," थोरली म्हणाली. "मी त्या नाण्यासाठी रडायला आले नाही. पण ती बंद करण्याचा हक्क सरकारचा आहे, दुकानदाराचा नाही. बंद कराल तेव्हा बिलाचा शेवटचा आकडा गिऱ्हाइकाच्या बाजूने खाली आणा. आणि औषधाच्या दुकानात पैसे कमी पडले म्हणून औषध अडवलं, तर अडवणाऱ्याला तुरुंगात घाला. एवढं लिहून घ्या, मग खुशाल वितळवा."

औषध खात्याने महिन्याभरात दुकानाचा परवाना सहा महिन्यांसाठी रोखला. पुसलेल्या रेकॉर्डिंगबद्दल वेगळा खटला उभा राहिला. संघटनेने नवा अध्यक्ष निवडला. लोखंडी जाळीच्या शटरवर सरकारी कागद चिकटवला तेव्हा थोरली मुद्दाम सुट्टी काढून तिथे गेली होती आणि गोंद वाळेपर्यंत उभी होती.

त्यानंतर एका रविवारी दुपारी तिच्या दारावर थाप पडली. मालक होता. तीन मजले चढून त्याला धाप लागली होती. कपाळावरून घाम ओघळत होता.

"बाई, माझं वय झालंय," तो म्हणाला. "तक्रारी मागे घ्या. तुम्ही म्हणाल ती रक्कम देतो. मला पश्चात्ताप झालाय, खरंच." मग चौकटीला हात टेकून म्हणाला, "जरा पाणी मिळेल का?"

"नाही," थोरली म्हणाली.

तो बघतच राहिला. आयुष्यात त्याला कोणी पाणी नाकारले नसावे.

"खाली नळ आहे. दोन पावलांवर," ती म्हणाली. "तक्रारी चारशे बारा आहेत. एकही मागे जाणार नाही. सगळ्यांच्या तारखांना मी स्वतः हजर राहीन." आणि तिने दार लावले.

आत शिवणकाकू कापड बेतत बसल्या होत्या. त्यांनी कात्री खाली ठेवली. "पाणी तरी द्यायचं होतंस गं. एवढं कठोर होऊ नये माणसानं."

"नसेल होता येत तुम्हाला," थोरली म्हणाली. "मला येतं. त्यानंच शिकवलं."

वाचकहो, थोरली चुकली असे तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या. फक्त एक आठवून बघा. तुमच्यापुढे रांगेत उभी असलेली एखादी म्हातारी तळहातावर बारीक नाणी मोजत होती, मागून कोणीतरी 'आवरा लवकर' म्हणाले, दुकानदाराने तिचा हात बाजूला सारला. तेव्हा तुम्ही काय केलेत?

बारकी पुढच्या वर्षी बंद होणार असे जाहीर झाले, आणि बिलाचा आकडा खालीच आणायचा हा नियम त्याच कागदावर छापून आला. पण वर्ष जायला अजून बराच अवकाश होता आणि शहरात दुकाने पुष्कळ होती.

धाकट्याची नोकरी सुनावणीच्या संध्याकाळीच गेली होती. नियम जाहीर झाला त्या दिवशी तो बहिणीच्या दारात आला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला.

"ताई, मला माफ कर."

"ते माझ्याकडे मागू नकोस. माझ्याकडे नाहीये," थोरली म्हणाली. "जिच्याकडे होतं तिनं त्याच दिवशी, जिन्यातच, तुला देऊन टाकलं. माझा जीव अजून जळतोय."

तो वळला. दोन पायऱ्या उतरला.

"उद्या नऊ वाजता ये," ती मागून म्हणाली. "चौकातला धान्यवाला बारक्या घेत नाही. तू रांगेत पुढे उभा राहायचंस, आणि नाही म्हणाला की मोठ्यानं विचारायचंस, का नाही? सगळ्यांना ऐकू जाईल असं. जमेल?"

धाकट्याने मान हलवली.

"मान नको हलवू. बोल."

"जमेल," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो पावणेनऊलाच धान्याच्या दुकानासमोर उभा होता.